पालथा पेला

गेल्या महिन्यात रजेवर घरी आलो तेव्हा आमच्या वाडीतल्या चौघांनी मला एकच प्रश्न विचारला. "तिकडं पानी न्हाय म्हणं, खरं काय?" विचारणारे विहिरीच्या काठावर पाय धूत बसले होते. एक पाय धुऊन झाला की पुन्हा कळशी उपसत होते. मी "हो, फार नाही" एवढंच म्हणालो आणि त्यांचं समाधान झालं. मला मात्र राग आला. त्यांच्या पायांवरून वाहून जाणाऱ्या पाण्याचा आला, आणि त्याहून माझ्या त्या गुळमुळीत उत्तराचा. असंच गुळमुळीत बोलून मी अकरा घरांचं पाणी तोडलं होतं. ते या चौघांना कुणी सांगायचं? म्हणून लिहितो आहे.

लातूर

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि नव्या कचेऱ्यांना माणसं कमी पडू लागली. बदल्यांच्या यादीत माझं नाव निघालं. बायको-मुलांना चिपळूणजवळ गावी ठेवून, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिथे जाऊन पोचलो. जिल्हा इतका नवा होता की कचेरीत टेबलं होती आणि खुर्च्या यायच्या होत्या. फायलींवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून आम्ही हातानं नवं लिहीत असू. मला टंचाई शाखेत अव्वल कारकून म्हणून बसवलं. कुठल्या गावाला टँकर, कुठल्या वस्तीला टाकी, याचे कागद माझ्याकडून जात.

खोली मिळाली ती एका आक्कांच्या घरात. आक्का साठीच्या, तोंडानं फटकळ. दारातच त्यांनी विचारलं, "कदम म्हंजे?"

"कोकणातले," मी म्हणालो.

"मराठे व्हय," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि किल्ली काढून दिली.

मी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. कोकणात कदम मराठ्यांत आहेत तसे बौद्धांतही आहेत, आणि मी बौद्ध आहे. मराठवाड्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक करून दिलं नाही. बुद्धाची छोटी पितळी मूर्ती मी ट्रंकेतच ठेवली. रोज सकाळी दार लावून हलक्या आवाजात पंचशील म्हणायचो. अदिन्नादाना, जे दिलेलं नाही ते घेणार नाही. मुसावादा, खोटं बोलणार नाही. ते म्हणून झालं की ट्रंकेला कुलूप लावायचं आणि कदमसाहेब होऊन बाहेर पडायचं.

पहिल्याच दिवशी आक्कांनी पाणी दिलं. मी प्यायलो, घोटभर पाण्यानं पेला विसळला, ते पाणी अंगणात टाकलं आणि पेला खिडकीत पालथा घातला.

"काय वो साहेब, ते पाणी कुणाला पाजलं?"

"पेला धुतला."

"धुतला म्हंजे? त्यात तूप होतं का काय?"

"आमच्याकडे पद्धत आहे तशी. स्वच्छतेची."

"मंग तुमची स्वच्छता तुमच्या गावाकडंच ठिवून यायची. हितं घागर दोन दिसाला हाय."

मला हसू आलं आणि थोडा अभिमानही वाटला. ही सवय मला वडिलांनी लावली होती. पाणी प्यालास की भांडं आपलं आपण धुवायचं आणि पालथं घालायचं. मीही माझ्या मुलीला तेच शिकवलं. पुढे मी चमचाभर पाण्यात विसळायला शिकलो, पण पालथं घालणं सोडलं नाही. आक्का परातीत बसून अंघोळ करायच्या आणि तेच पाणी भांडी घासायला, मग अंगणातल्या लिंबाला घालायच्या. एकच पाणी तीनदा वापरात यायचं. आमच्या वाडीत ते एकदासुद्धा नीट वापरात येत नाही.

मुरुडच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारे म्हणतील, ते गावच तसलं असेल, आमचं नाही.

लातूरजवळच्या मुरुडपर्यंत एस.टी.नं गेलो. बाजारात गरम धपाटे खाल्ले, वर शेंगदाण्याची चटणी. पुढे ग्रामसेवकाच्या सायकलवर मागे बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीचे नुसते खुंट उभे होते आणि तेही जनावरांनी कुरतडलेले. वाटेत सायकल पंक्चर झाली. ग्रामसेवक म्हणाला, "आता पंक्चर काढायला बी पाणी लागतं साहेब, भोक कुठाय ते कळाया." आम्ही तीन मैल सायकल ढकलत गेलो.

त्या गावच्या बौद्ध वस्तीनं अर्ज केला होता. अकरा घरं. टँकर गावच्या विहिरीत रिकामा होतो, आम्हाला विहिरीला हात लावू देत नाहीत, तर वस्तीत वेगळी लोखंडी टाकी बसवा. एवढीच मागणी होती. चौकशी करून अहवाल द्यायचं काम माझं होतं.

सरपंचांनी ओट्यावर सतरंजी अंथरली. गडी मोठा मायाळू.

"कदम म्हंजे आपलेच की. कोकणात बी हायेत का आपले कदम?"

"आहेत," मी म्हणालो.

शब्द खरा होता आणि उत्तर खोटं होतं. आतून पितळी तांब्या आणि पेला आला. गार, वाळ्याच्या वासाचं पाणी. मी दोन पेले प्यायलो. मग उरलेल्या थेंबांत पेला विसळला आणि ओट्याच्या कडेला पालथा घातला. सरपंच हसले. "अवो साहेब, तुमी कामून? घरात बाया हायेत की." मी कोकणच्या स्वच्छतेचं तेच भाषण केलं. अंगणात एक बाई शेण गोळा करत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

जेवायला भाकरी, पिठलं, ठेचा आणि वर बळेबळे तूप. जेवताना मी वस्तीचं विचारलं.

"सगळ्यांला मिळतं. आमच्या गावात तसलं काई न्हाई," सरपंच म्हणाले.

'तसलं' हा शब्द मी नंतर फार ऐकला. कसलं ते कुणी सांगत नाही. त्या गोष्टीला नाव दिलं तर तोंड विटाळेल, म्हणून त्याला तसलं म्हणायचं.

निघताना विहिरीवरून गेलो. टँकर नुकताच ओतून गेला होता. वरच्या आळीतल्या बायका काठावर उभ्या राहून शेंदत होत्या. वस्तीतल्या बायका दहा पावलं लांब, घागरी खाली ठेवून बसल्या होत्या. कुणाच्या मनात आलं की ती वरून त्यांच्या घागरीत ओतायची. नाही आलं तर त्या बसून राहायच्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं. त्या बसलेल्यांत मघाची शेण गोळा करणारी बाईही होती. ती उठून रस्त्यापर्यंत आली आणि हळू म्हणाली,

"जयभीम, साहेब."

ग्रामसेवक शेजारी उभा होता. मी म्हणालो, "हं. नमस्कार."

त्या दिवशी मी अहवालात लिहिलं: एकाच विहिरीवरून सर्वांना पाणी मिळते. वेगळ्या टाकीची आवश्यकता नाही. तक्रार नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं, काही देऊ केलं नव्हतं. दोन पेले पाणी आणि 'आपलेच' हा शब्द एवढंच मिळालं होतं, आणि तेवढ्यावर मी लिहून मोकळा झालो.

पुन्हा लातूर

तीन आठवड्यांनी ग्रामसेवक कचेरीत आला. सहज म्हणाला, "ती वस्ती निम्मी खाली झाली साहेब. गयाबाई अन् तिच्या संगतीच्या बाया धर्माबादला गेल्या, मिरचीच्या कामाला. बसून बसून बेजार झाल्या."

"गयाबाई कोण?"

"तुमाला जयभीम घालाया आली होती बगा, ती. अर्ज तिचाच होता."

मी आमच्या शाखेच्या साहेबांकडे गेलो. साहेब सरळ माणूस. ते म्हणाले, "तुमच्याच अहवालावर फाईल बंद केली. टाकी सोमवारी दुसऱ्या गावाला जाईल. त्याआधी वस्तीतल्या कुणाची नवी दरखास्त आली तर बघू." तो बुधवार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचशील म्हणायला बसलो आणि अदिन्नादानापाशीच अडकलो. इतकी वर्षं मला वाटायचं की हे चोरांसाठी आहे. मी कधी कुणाच्या परसातली कैरीसुद्धा घेतली नाही. पण सरपंचांच्या ओट्यावरचं ते वाळ्याचं पाणी त्यांनी मला दिलं नव्हतं. ते दिलं होतं दुसऱ्याच एका कदमांना. मी ते घेऊन प्यायलो होतो. मी एकोणीस वर्षांचा असताना वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, घरातले देव खाडीत सोडले. पुढे आमच्या गावच्या विहारात मी दर पौर्णिमेला पुढे बसून हे शील खणखणीत आवाजात म्हणत आलो. त्याचा अर्थ कळायला मला पाण्याची ददात असलेल्या जिल्ह्यात यावं लागलं, याची मला लाज वाटली आणि चीडही आली. अर्ज गयाबाईचाच होता, तिच्याशिवाय वस्तीत कुणी अंगठा दिला नसता. रजेचा अर्ज टाकला आणि नांदेडची एस.टी. पकडली.

नांदेड

अहमदपूर, लोहा मागे टाकत दुपारी नांदेडला उतरलो. गोदावरीचं पात्र पाहिलं. वाळूत मधेमधे डबकी, आणि एकेका डबक्याला एकेक धोबी. धर्माबादची गाडी संध्याकाळी होती. भूक लागली होती, रिक्षावाला म्हणाला, "हॉटेलात कशाला जाता? गुरुद्वाऱ्यात बसा, लंगर चालूच हाय." मी डोक्याला रुमाल बांधून पंगतीत बसलो. माझ्या डावीकडे मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, हमाल होता, उजवीकडे रेशमी साडीतल्या बाई. डाळ-रोटी आली, पाणी आलं. नाव, गाव, कदम म्हंजे कोण, कुणी काही विचारलं नाही.

माझ्या पेल्यात अर्धं पाणी उरलं. मी सवयीनं विसळायला पेला हलवला, तर वाढणारे म्हातारे सरदारजी समोर येऊन उभे राहिले.

"भाऊ, हे कोन पेनार?"

"विसळत होतो."

"आधी पेऊन टाका. धुवायला आमी हाव ना इथं बसलेले."

आजूबाजूचे हसले. मी पाणी पिऊन टाकलं. सरदारजींनी पेला माझ्या हातातून उचलला आणि टोपल्यात टाकला. मी उष्टा केलेला पेला कुणीतरी दुसऱ्यानं उचलून नेला, यात विशेष ते काय? पण मला तिथे बसवेना. इतकं सोपं असतं तर आमच्या गावांना काय झालंय? एका विहिरीवर दहा पावलांचं अंतर पिढ्यानपिढ्या कोण मोजून ठेवतं? हा संताप घेऊनच मी स्टेशनवर आलो.

धर्माबाद

धर्माबादला उतरलं की आधी नाक सांगतं. रात्र स्टेशनवर काढून सकाळी निघालो, तर मिरचीच्या खळ्यापासून फर्लांगभर अंतरावरच मला शिंका सुरू झाल्या आणि त्या दोन दिवस थांबल्या नाहीत. लाल ढिगांमध्ये बायका तोंडाला पदर बांधून मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. निम्म्या तेलुगू, निम्म्या मराठी बोलत होत्या. चहावाल्याला विचारत विचारत मी गयाबाईपर्यंत पोचलो. चाळिशीची बाई, बोटं सुजलेली. तिनं मला ओळखलं आणि पदर खाली केला.

"कदमसाहेब व्हय. बगा गं, आमच्या गावात समद्यांला पाणी देणारे साहेब आले."

बाकीच्या बायका हसल्या. मला शिंक आली.

"इतक्या लांब मिरच्या हुंगाया आलात का?"

मी दरखास्तीचं सांगितलं. सोमवारपर्यंत तिचा अंगठा कागदावर पाहिजे म्हणालो. ती देठ खुडतच राहिली. मग मी आवाज खाली नेऊन म्हणालो, "गयाबाई, मी... मी पण आपलाच आहे. बौद्ध."

"मला ठावं हाय."

"कसं?"

"तुमी पाणी पेऊन पेला पालथा घातला की."

मला कळलं नाही. मी म्हणालो, "ती आमच्या कोकणची स्वच्छतेची..."

"कसली सवच्छता," ती म्हणाली. "वरच्या आळीचा माणूस पाणी पेतो अन् पेला तसाच ठिवतो. उचलाया बाई असती. आपला माणूस पेतो अन् धुतो अन् पालथा घालतो, म्हंजे कुणाला शिवाया नगं. माझा बाप तसाच घालायचा. सरपंचाला कशाला कळंल? त्येनं कधी धुतलाय का पेला?"

मी खळ्याच्या कडेला पोत्यावर बसलो. आमच्या खोताच्या पडवीच्या कुडात एक करवंटी खोचलेली असायची. वडील तिथे कामाला गेले की त्यातून पाणी प्यायचे, ती धुवायचे आणि पालथी करून पुन्हा खोचायचे. हे मला आठवत होतं, रोज आठवत होतं, आणि तरी त्याचा माझ्या पेल्याशी मी कधी संबंध लावला नव्हता. वडिलांनी देव खाडीत सोडले. करवंटी मात्र त्यांच्या हातातच राहिली. ती त्यांनी माझ्या हातात दिली, आणि मी तिला स्वच्छता म्हणून मुलीच्या हातात दिली.

थोड्या वेळानं मी कागद पुढे केला. गयाबाईनं तो हातात घेतला नाही.

"साहेब, एक इचारू? विहिरीवर तुमी बगितलं का न्हाई?"

"बघितलं."

"मंग माझा अंगठा कामून पायजे? पयला अर्ज बी माझाच होता. त्याचं काय केलं तुमी? माझ्या अंगठ्याला तुमच्या कचेरीत कोन इचारतंय. तुमीच लिवा ना, आपल्या नावानं."

"मी लिहिलेलं खोटं होतं असं मीच लिहू? नोकरीवर येईल."

"हाव. येईल की," ती शांतपणे म्हणाली. "आमच्या तर पाण्यावर आलंय."

शेजारची एक म्हातारी तेलुगू-मराठी मिसळून काहीतरी पुटपुटली. गयाबाईनं तिला उत्तर दिलं आणि सगळ्या पुन्हा हसल्या. काय म्हणाली विचारलं, तर म्हणे, "ती इचारती, हे रडून राहिले का मिरची लागली. मी म्हनलं, मिरची."

मी तिथेच, पोत्यावर कागद ठेवून लिहिलं. विहिरीपासून दहा पावलांवर बसलेल्या बायका लिहिल्या. माझा आधीचा अहवाल खोटा आहे हे लिहिलं. सरपंचांनी मला मराठा समजून पाणी दिलं, मी गप्प राहिलो आणि त्या भरात तक्रार नाही असं लिहिलं, हेही लिहिलं. खाली पूर्ण नाव घातलं आणि पुढे बौद्ध. हे शेवटचं कचेरीच्या कागदावर लिहायची काही गरज नव्हती. मला होती.

"आता द्या," गयाबाई म्हणाली. हात लुगड्याला पुसून तिनं माझ्या सहीखाली अंगठा उठवला. "आता तुमच्या संगट हाय म्हनून. न्हाईतर दिला नसता."

परत

शनिवारी साहेबांनी कागद दोनदा वाचला. "हे असं कुणी लिहितं का?" एवढंच म्हणाले. मला लेखी ठपका आला, तो माझ्या सेवापुस्तकात आहे आणि राहील. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसरीच. अकरा घरांना पाणी मिळत नाही हे डोळ्यांनी दिसत असताना, ते खरं ठरायला कुणाच्या तरी कबुलीची वाट बघणारी आमची कचेरी, आणि ती कबुली द्यायला धर्माबादपर्यंत जाऊन यावं लागलेला मी. सोमवारी टाकी गयाबाईच्या गावाला गेली.

मी ट्रंक उघडून मूर्ती बाहेर काढली आणि भिंतीवरच्या फळीवर ठेवली. आक्कांनी पाहिलं. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी घागर दाराबाहेर ठेवून म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"खोली दिली असतीत का?"

त्यांनी विचार केला. "न्हाई," म्हणाल्या आणि आत गेल्या. निदान त्या 'तसलं काही न्हाई' म्हणाल्या नाहीत. खोली मात्र त्यांनी काढून घेतली नाही.

महिन्यानं टाकीची पाहणी करायला मी पुन्हा त्या गावी गेलो. वस्तीत टाकीला नळ लागला होता. गयाबाई परत आली होती आणि रांगेतल्या बायकांवर ओरडत होती. टँकरच्या नोंदीसाठी सरपंचांची सही लागणार होती, म्हणून आधी त्यांच्या ओट्यावर गेलो. माझ्या कागदाची बातमी गावात पोचली होती; सतरंजी अंथरलेली नव्हती.

"या," ते म्हणाले. पुढचा 'आपलेच' गळला होता. सही केली.

मला तहान लागली होती. आणि लागली नसती तरी मी मागितलंच असतं. "पाणी मिळेल का?"

सरपंचांनी आत हाक दिली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग त्यांच्या सूनबाई तांब्या घेऊन आल्या, पण पेला गोठ्याच्या देवळीतून काढलेला, जर्मलचा, काठाला पोचा आलेला. त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि वरून, हात लांब धरून पाणी ओतलं. सरपंच रस्त्याकडे बघत होते.

मी पेला उचलला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. वाळ्याचा वास नव्हता. पण हे पाणी मला दिलेलं होतं. मी कोण ते जाणून, जसं द्यायचं तसं, पण मलाच दिलेलं.

हात आपोआप तांब्याकडे गेला, विसळायला. मी तो मागे घेतला. पेला तसाच, न धुता, सुलटा, सरपंचांच्या मांडीशेजारी ठेवला.

ते पेल्याकडे बघत राहिले. सूनबाई दारात उभ्या राहिल्या. उचलायला कुणी पुढे झालं नाही. मी चपला घातल्या आणि टाकीकडे निघालो.